मेंदूतला दाह आणि ताणाची वेसण

साठीच्या आसपासच्या कोणाही माणसाला विचारा, लहानपणी कुत्रा चावला तर काय होत असे? उत्तर ठरलेले असेल : पोटात चौदा इंजेक्शने. रोज एक, बेंबीभोवती जागा बदलून. तालुक्याच्या दवाखान्यात आईचा पदर धरून बसलेल्या पोराला कुत्र्यापेक्षा त्या सुईचीच धास्ती अधिक असायची. त्या सुईत काय असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. रेबीजच्या विषाणूची लागण केलेल्या मेंढीचा मेंदू काढून, घोटून, फिनॉलने त्यातला विषाणू निर्जीव करून ती लस तयार होई. डेव्हिड सेम्पल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १९११ मध्ये कसौलीच्या संस्थेत ती बनवली आणि पुढची नव्वदहून अधिक वर्षे आपल्या सरकारी दवाखान्यांची भिस्त तिच्यावरच होती. २००४ च्या डिसेंबरात तिचे उत्पादन भारतात थांबले. आता दंडावर चार-पाच सुया घेऊन काम भागते.

त्या लसीने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. तेव्हा चौदा सुयांचा त्रास हा सौदा महागातला नव्हता. पण काही थोड्यांच्या बाबतीत भलतेच घडे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताप येई, डोके ठणके, पायांतले बळ जाई, लघवी अडे. क्वचित माणूस बेशुद्ध होऊन दगावेही. हा रेबीज नव्हता. ज्याला रेबीज होणारच नव्हता अशा माणसालाही, पिसाळलेला नसलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतर, हे होऊ शके. लसीतल्या मेंढीच्या मेंदूवर शरीराची संरक्षक यंत्रणा चिडून उठे आणि त्या रागाच्या भरात स्वतःच्याच मेंदूवर व मज्जारज्जूवर तुटून पडे. मज्जातंतूंभोवती मायलिन नावाचे जे स्निग्ध वेष्टण असते ते मेंढीचे आणि माणसाचे पुष्कळसे सारखे. १९८७ मध्ये थायलंडचे थिरावत हेमाचुधा आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या रक्तात मायलिनमधील एका प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये दाखवून दिली आणि हा शत्रू-मित्रातला घोटाळा पुराव्यानिशी समोर आला.

हा प्रकार किती जणांत घडे, याचे आकडे ठिकाणागणिक बदलतात. कुठे काही शे जणांत एक, कुठे काही हजारांत एक. म्हणजे तीच लस, तोच डॉक्टर, तेवढ्याच सुया. आणि शेकडो माणसे दंड थोपटून घरी जातात, एकाचे पाय मात्र लुळे पडतात. तोच का? दैव म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण वैद्यकशास्त्राला हा प्रश्न सोडता आला नाही, आणि त्याचा पाठपुरावा करता करता शास्त्रज्ञ ज्या जागी येऊन पोचले ती जागा अनपेक्षित होती. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या दोन ॲड्रीनल ग्रंथी आणि त्यांतून पाझरणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक. ज्याला आज सर्रास ‘स्ट्रेस हार्मोन’ म्हटले जाते, ते हेच.

आज त्याची आठवण काढण्याचे कारण असे, की गेल्या काही वर्षांत कॉर्टिसॉल हा घरोघरचा खलनायक होऊन बसला आहे. पोट सुटले, कॉर्टिसॉल. झोप उडाली, कॉर्टिसॉल. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, तोही कॉर्टिसॉलमुळे. मोबाईलवरच्या चिमुकल्या चित्रफितींत कोणी तरुण मुलगी आत्मविश्वासाने सांगते, की हे संप्रेरक ‘खाली आणले’ पाहिजे, आणि लगोलग त्यासाठीची भुकटी किंवा गोळी विकायला काढते. ज्या रेणूवाचून माणूस काही दिवसांत जीव गमावेल, त्याला सरसकट ‘खाली आणण्या’चा हा उत्साह पाहून हसावे की चिंता करावी, कळत नाही. १८५५ मध्ये लंडनच्या टॉमस ॲडिसन यांनी वर्णन केलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा रोग म्हणजे हेच संप्रेरक आटल्याची अवस्था. आणि त्या काळी त्या रोगातून सुटका नव्हती.

कॉर्टिसॉलची बदनामी तशी जुनी. हान्स सेली या माँट्रियलच्या संशोधकाने १९३६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, विष टोचा, काहीही करा. तीन गोष्टी ठरलेल्या घडतात. ॲड्रीनल ग्रंथी फुगतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात. ‘स्ट्रेस’ या शब्दाला आजचा अर्थ पुढे सेलींमुळेच चिकटला. साहजिकच ॲड्रीनलचा रस म्हणजे शरीर कुरतडणारी वस्तू, असे चित्र लोकांच्या मनात तयार झाले. पण बारा वर्षांनी, १९४८ च्या सप्टेंबरात, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला ॲड्रीनल ग्रंथींतल्याच एका द्रव्याची इंजेक्शने दिली आणि काही दिवसांत ती चालू लागली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिझोन. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ताणाचा रस हाच दाहावरचा उतारा! ही विसंगती पुढची पस्तीस वर्षे तशीच राहिली. बहुतेकांची समजूत अशी, की औषध म्हणून मोठ्या मात्रेत दिले तर ते दाह शमवते. शरीर स्वतः जे थोडेथोडके बनवते त्याचा त्याच्याशी काय संबंध?

हा संबंध १९८४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथचे ॲलन मंक आणि त्यांचे सहकारी यांनी उलगडून मांडला, आणि मला स्वतःला या साऱ्या कथेतला तो सर्वांत मोलाचा विचार वाटतो. ताण आला की कॉर्टिसॉल वाढते ते कशासाठी? मंक म्हणाले, ताणापासून वाचण्यासाठी ते नाही. ताणाला उत्तर म्हणून शरीराने जी संरक्षणाची धावपळ आरंभलेली असते ती हाताबाहेर जाऊन शरीरालाच गिळू नये, म्हणून. शर्यतीच्या बैलाची ताकद हवीच, पण वेसण नसेल तर तो आपल्याच माणसांना तुडवील. कॉर्टिसॉल ही ती वेसण. दोनच वर्षांनी ह्यूगो बेसेडोव्स्की यांच्या गटाने या वेसणीचा दोर कुठे बांधलेला आहे हे दाखवले. दाह पेटला की संरक्षक पेशी इंटरल्यूकिन-१ नावाचा निरोप सोडतात. तो मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतो, तेथून पिट्युटरी ग्रंथीला, पिट्युटरीकडून ॲड्रीनलला आज्ञा जाते आणि कॉर्टिसॉल वाढून त्याच संरक्षक पेशींना म्हणते, पुरे आता. म्हणजे आग लागली की घंटा आगच वाजवते.

आता पुन्हा मेंढीच्या मेंदूकडे येऊ. लसीनंतरच्या या लकव्याचे कोडे सोडवायचे म्हणून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी १९३३ मध्ये माकडांना विषाणूचा लवलेश नसलेल्या, निरोगी सशांच्या मेंदूचे द्रावण पुन्हा पुन्हा टोचले. आठांपैकी दोन माकडांचे हातपाय लटपटू लागले. त्या प्रयोगातून मेंदूच्या दाहाचा एक कृत्रिम रोग प्रयोगशाळेला मिळाला. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या, मायलिन झडत जाणाऱ्या मानवी रोगांवरचे पुष्कळसे संशोधन आजवर याच कृत्रिम रोगावर झाले आहे. आठांतली दोन, हे प्रमाण पाहा. तेथेही तोच प्रश्न उभा होता. बाकीच्या सहा माकडांचे काय?

पुढे माकडांची जागा पांढऱ्या उंदरांनी घेतली. बियाण्यांचे असतात तसे या उंदरांचे शुद्ध वाण असतात. एका वाणातले सगळे उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे. लुइस नावाच्या वाणाला हा मेंदूचा दाह चटकन होतो. पीव्हीजी नावाचा दुसरा वाण मात्र त्याला दाद देत नाही. १९६२ मध्ये सेमूर लेव्हाइन यांनी एक विचित्र गोष्ट पाहिली. उंदरांना जखडून ठेवून ताण दिला, तर रोग वाढण्याऐवजी दबतो. त्या वेळी या निरीक्षणाचे मोल फारसे कोणाच्या ध्यानात आले नसावे. ते आले १९८९ मध्ये, ऑक्सफर्डला.

ऑक्सफर्डच्या डॉन मेसन, इयन मॅकफी आणि फेरेंट्स अँटोनी यांचा प्रयोग सावकाश समजून घेण्याजोगा आहे. लुइस उंदराला रोग झाला की आधी शेपटी लुळी पडते, मग मागचे पाय जातात. आणि मग काही दिवसांत, कोणतेही औषध न देता, तो आपोआप उठून चालू लागतो. तो बरा कसा होतो? पाय गेलेले असतात त्याच दिवसांत त्याच्या रक्तातले ॲड्रीनलचे संप्रेरक (उंदरात ते कॉर्टिकोस्टेरॉन या नावाचे असते) भरपूर वाढलेले आढळले. मग त्यांनी काही उंदरांच्या ॲड्रीनल ग्रंथी आधीच काढून टाकल्या. असे उंदीर रोग होताच मेले. दुसऱ्या काहींना ग्रंथी काढून वरून संप्रेरक पुरवले, पण निरोगी उंदराच्या रक्तात शांतपणी असते तेवढेच. तेही मेले. तिसऱ्या गटाला मात्र आजारी उंदराच्या रक्तात भर दुखण्यात जेवढे वाढते तेवढे दिले. ते जगले आणि चालू लागले. त्याच गटाने पुढे १९९० मध्ये दाखवले, की रोगाला दाद न देणाऱ्या पीव्हीजी उंदराच्या रक्तात हे संप्रेरक लुइसपेक्षा अधिक असते. आणि त्याच्या ॲड्रीनल ग्रंथी काढल्या तर तो अभेद्य वाणही मेंदूच्या दाहाला बळी पडतो.

त्याच सुमारास अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉ. एस्थर स्टर्नबर्ग आणि सहकारी लुइस आणि फिशर या दोन वाणांवर सांध्यांच्या दाहाचा अभ्यास करीत होते. तेथेही लुइस आजारी पडे, फिशर ठणठणीत राही. दोष सापडला तो हायपोथॅलॅमसमध्ये : लुइसच्या मेंदूत आगीची घंटा नीट वाजतच नव्हती. फिशर उंदराला कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांचा रस्ता अडवणारे औषध दिले तेव्हा तोही गंभीर आजारी पडला, आणि लुइसला बाहेरून थोडे स्टेरॉइड दिले तेव्हा तो वाचला. उंदीर बदलला नव्हता, रोगाचे कारण बदलले नव्हते. वेसण काढली आणि घातली, एवढेच.

इथे लेख संपवता आला असता तर किती बरे झाले असते! ज्याच्या ॲड्रीनल ग्रंथी वेळेवर धावून येतात तो वाचतो आणि ज्याच्या सुस्तावतात त्याचा मेंदू पोळतो, असे सुटसुटीत उत्तर देता आले असते. पण माणूस हा लुइस उंदीर नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या रुग्णांचे कॉर्टिसॉल मोजले तेव्हा पुष्कळांत ते कमी तर नव्हतेच, उलट वाढलेले होते. मग वेसण असूनही बैल का आवरत नाही? याचे एक उत्तर असे, की दोर ओढला जातो आहे, पण बैलाच्या नाकाला तो जाणवेनासा झाला आहे. संरक्षक पेशींवर कॉर्टिसॉलचा निरोप घेणारी जी द्वारे असतात ती बधिर झाली, की रक्तात संप्रेरक कितीही असो, पेशी ऐकत नाहीत. पिट्सबर्गच्या शेल्डन कोहेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७६ निरोगी प्रौढांच्या नाकात सर्दीचा विषाणू मुद्दाम सोडला. दीर्घकाळ मानसिक ताणाखाली असलेल्यांच्या पेशी कॉर्टिसॉलला कमी दाद देत होत्या, आणि सर्दीने आजारी पडण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. नुसते कॉर्टिसॉल किती आहे यावरून मात्र कोण आजारी पडणार याचा अंदाज बांधता येत नव्हता. सर्दी आणि मेंदूचा दाह यांत महदंतर आहे, हे खरे. पण रोज सकाळी प्रयोगशाळेत जाऊन कॉर्टिसॉल मोजून घेणाऱ्या हौशी मंडळींनी हा निष्कर्ष जरूर ध्यानात ठेवावा. तसेही हे संप्रेरक सकाळी उच्चांकावर असते आणि मध्यरात्री तळाला जाते. ॲडिसनचा किंवा त्याच्या उलट असलेला कुशिंगचा रोग ओळखण्यासाठी डॉक्टरांना त्या तपासणीचा मोठा उपयोग आहे. मनाचा ताप मोजणारा थर्मामीटर म्हणून ती बनलेली नाही.

प्रत्यक्ष जगण्यातल्या ताणाचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तरही सरळ नाही. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलवर स्कड क्षेपणास्त्रे पडत होती. लोक वायुरोधक मुखवटे घालून बंद खोल्यांत बसत होते. तेथल्या डॉक्टरांनी आपल्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांची नोंद ठेवली, तेव्हा त्या युद्धात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत रोगाचे झटके नेहमीपेक्षा कमी आले, असे दिसले. २००६ मध्ये त्याच देशात लेबनॉनशी ३३ दिवसांचे युद्ध झाले. या वेळी झटके वाढले. देश तोच, रोग तोच, संकटाचा प्रकारही पुष्कळसा तसाच, आणि फळ उलटे. २००४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तणावाचे प्रसंग आणि रोगाचे झटके यांत संबंध दिसला. परंतु अमक्या माणसाला अमक्या दुःखामुळे झटका आला असे म्हणण्याइतका तो पक्का नाही. शिवाय अशा रोगाला इतर कारणांचा गोतावळा असतोच. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदींवरून दिसले, की एप्स्टाइन-बार या अतिशय सर्वसामान्य विषाणूच्या लागणीनंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका बत्तीसपट वाढतो. जनुकांचाही वाटा आहे. आपल्या मुंबईतच डॉ. नोशीर वाडिया आणि इतर मेंदुविकारतज्ज्ञांनी पारशी समाजात हा रोग इतर भारतीयांहून अधिक आढळतो हे दाखवले. एकाच शहराची हवा खाणाऱ्या, त्याच लोकलने प्रवास करणाऱ्या माणसांतला हा फरक केवळ ताणतणावाच्या हिशेबात कसा बसणार?

हे सारे इतक्या विस्ताराने लिहिण्यामागे एक घरगुती कारण आहे. हा रोग बायकांना पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने अधिक होतो, आणि बहुधा ऐन उमेदीत, वीस ते चाळीस या वयात. एका डोळ्यापुढे धूसर दिसू लागते, हाताला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. तपासण्या होतात, निदान होते, आणि मग घरात सुरू होतो तो सल्ल्यांचा मारा. “तू फार टेन्शन घेतेस.” “सगळं मनाला लावून घेते ना, म्हणून झालं.” बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण ऐकणारीच्या पदरी दुखण्याखेरीज एक अपराधही पडतो. नोकरी सोडावी, मूल होऊ देऊ नये, असे निर्णय या सल्ल्यांच्या आधारावर घेतले जातात. वास्तविक १९९८ मध्ये युरोपातल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले, की गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झटके लक्षणीय कमी होतात (तेव्हा कॉर्टिसॉलसह अनेक संप्रेरके वाढलेली असतात) आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत ते वाढतात. म्हणजे तिला जपायचे, विश्रांती द्यायची, रात्री बाळाला दुसऱ्या कोणी घ्यायचे ते दिवस कोणते, हे शास्त्र बऱ्यापैकी सांगू शकते. ‘टेन्शन घेऊ नकोस’ याहून तो सल्ला अधिक उपयोगाचा आहे, आणि घरच्यांना थोडा अधिक कष्टाचाही.

दुसरी बाजू औषधाची. कॉर्टिसॉलची वेसण बाहेरून घालता येते, हे कळल्यापासून स्टेरॉइड हे डॉक्टरांच्या हातातले सर्वांत जलद अस्त्र झाले. त्याचा दुरुपयोगही तितक्याच वेगाने झाला. आपल्या गावोगावी सांधेदुखीवर दिल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा हेच असते. गोरेपणासाठी चोपडल्या जाणाऱ्या मलमांतही असते. दोन दिवसांत गुण येतो म्हणून माणूस खूश होतो. मात्र बाहेरून पुरवठा होऊ लागला की ॲड्रीनल ग्रंथी स्वतःचे दुकान बंद करतात. महिनोन् महिने पुड्या घेणारा माणूस एके दिवशी त्या एकदम थांबवतो, आणि नेमका त्याच वेळी ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया पुढ्यात येते, तेव्हा वेसण ओढायला आत कोणीच नसते. अशा रुग्णाचा रक्तदाब कोसळतो. ग्रंथी काढलेल्या ऑक्सफर्डच्या उंदराची गत ती याची. म्हणूनच स्टेरॉइड चढवताना नव्हे, तर उतरवताना डॉक्टर इतके सावध असतात.

कोविडच्या साथीत याचा सार्वजनिक धडा मिळाला. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोन हे स्वस्तातले स्टेरॉइड दिल्यावर, श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण २८ दिवसांत ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. नुसता प्राणवायू लागणाऱ्यांतही फायदा झाला, पण कमी. आणि ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता त्यांच्यात? तेथे स्टेरॉइड घेणाऱ्यांत १७.८ टक्के दगावले, न घेणाऱ्यांत १४ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. फायदा मात्र नक्की नव्हता. या तिसऱ्या ओळीकडे आपण दुर्लक्ष केले. २०२१ च्या त्या भयंकर उन्हाळ्यात पहिल्या-दुसऱ्या दिवसाच्या तापालाच स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याही मधुमेह असलेल्या माणसांना, साखर न तपासता. पुढे काळ्या बुरशीने महाराष्ट्रात हजारो लोक आजारी पडले. कोणाचा डोळा काढावा लागला, कोणाचा वरचा जबडा. सगळा दोष एकट्या स्टेरॉइडचा नव्हता. मधुमेह आणि खुद्द विषाणू यांचाही होता. पण ज्याची आग भडकलेली नाही त्याच्या घरात बंबाचे पाणी सोडले की काय होते, हे त्या वॉर्डांनी पाहिले.

हाच प्रश्न आज मेंदूच्या दाहाबाबत सर्वांत टोकदार झाला आहे तो क्षयाच्या मेंदूज्वरात, आणि क्षयाचे सर्वाधिक रुग्ण ज्या देशात आहेत त्या देशाने तो परका मानण्याचे कारण नाही. या रोगात जंतूंइतकेच नुकसान त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या दाहाने होते. २००४ मध्ये व्हिएतनाममधील ५४५ रुग्णांच्या चाचणीत डेक्सामेथासोनने मृत्यूचे प्रमाण ४१.३ वरून ३१.८ टक्क्यांवर आणले. गंभीर अपंगत्व मात्र कमी झाले नाही. तेव्हापासून क्षयाच्या औषधांबरोबर स्टेरॉइड देणे ही रीत झाली. मग कोड्यात भर घातली ती एका माशाने. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. ललिता रामकृष्णन आणि डेव्हिड टोबिन हे झेब्राफिश या आपल्याकडच्याच ओढ्या-नाल्यांतल्या चिमुकल्या पट्टेरी माशात क्षयासारखा रोग कसा वाढतो ते पाहत होते. त्यांना असे जनुक सापडले, की ज्याच्या एका रूपाने दाह फार कमी होतो, दुसऱ्याने फार जास्त; आणि दोन्ही टोकांचे मासे जंतूंना सारखेच बळी पडतात. माणसातही ते जनुक आहे. २०१२ मध्ये त्यांनी व्हिएतनामच्या त्याच रुग्णांची जनुके तपासली. स्टेरॉइडचा ठळक फायदा झाला होता तो जास्त दाहाचे रूप असणाऱ्यांना. कमी दाह असलेल्यांना त्याने अपायच झाला असावा, असेही आकडे सुचवत होते.

आनंदाने टाळ्या वाजवाव्यात तोच इंडोनेशियातील रुग्णांत हा संबंध तसा आढळला नाही. २०२३ मध्ये एचआयव्हीबाधित ५२० रुग्णांच्या चाचणीत डेक्सामेथासोनने मृत्यू ठोसपणे घटल्याचे दिसले नाही. उंदराच्या शुद्ध वाणात जे सरळ दिसते ते माणसांच्या मिश्र वस्तीत असे हातातून निसटते. एकाचा दाह आवरायला हवा असतो, दुसऱ्याचा वाढवायला. आणि दोघेही एकाच वॉर्डात, शेजारच्या खाटांवर, सारख्याच तापाने आणि सारख्याच ताठलेल्या मानेने पडलेले असतात. त्यांना वेगळे ओळखणारी तपासणी आपल्या जिल्हा रुग्णालयांत उपलब्ध नाही. तोवर रात्रीच्या पाळीचा डॉक्टर दोघांच्याही कागदावर डेक्सामेथासोनची तीच मात्रा लिहितो, आणि सकाळी फेरीला येताना आधी या दोन खाटांकडे पाहतो.